विश्लेषण : सगळे पेपर पास, तरी पदवी नाही! अमेरिकेत ‘क्रिमिनल जस्टिस’ शिकणाऱ्यांची शेवटची पायरी अवघड का?

अमेरिकेतील विद्यापीठांत फेब्रुवारी-मार्च उजाडला, की पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रातील विद्यार्थ्यांची वेगळीच धावपळ सुरू होते. वर्गातले विषय संपत आलेले असतात, गुणपत्रकात ‘ए’ आणि ‘बी’ दिसत असतात, पण पदवी हातात नसते. त्यासाठी एक शेवटची अट पूर्ण करावी लागते. कुठे सर्व विषयांवर एकत्रित परीक्षा असते, कुठे ‘कॅपस्टोन’ प्रकल्प, तर कुठे प्रबंध. पोलीस, न्यायालये आणि तुरुंग यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या ‘क्रिमिनल जस्टिस’ या विषयात या अटीमागे एक जुना, काहीसा अवघडलेला इतिहास आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या तिथल्या पोलिसांसाठी ती पगाराशी जोडलेली आहे, तर भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी थेट व्हिसाच्या तारखांशी. मुंबई, पुणे, नागपूरहून विधी, मानसशास्त्र किंवा न्यायवैद्यक शास्त्र शिकून तिकडे जाण्याचा विचार करणाऱ्यांनी प्रवेश घेण्यापूर्वीच ही पायरी समजून घेणे आवश्यक आहे.

अभ्यासक्रमाची रचना कशी असते?

क्रिमिनल जस्टिसची मास्टर्स पदवी साधारण ३० ते ३६ क्रेडिटची असते. एक विषय तीन क्रेडिटचा धरला तर दहा ते बारा विषय. त्यात गुन्हेगारीचे सिद्धांत, संशोधन पद्धती, संख्याशास्त्र आणि धोरण विश्लेषण हे विषय बहुतेक ठिकाणी अनिवार्य असतात. पोलिसिंग, शिक्षा व तुरुंग, बालगुन्हेगारी, सायबर गुन्हे असे विषय ऐच्छिक. पूर्णवेळ विद्यार्थी दीड-दोन वर्षांत हे संपवतो. नोकरदार विद्यार्थी एका सत्रात एक-दोन विषय घेत तीन-चार वर्षे लावतो.

एवढे झाले की उरते ती शेवटची अट. काही विद्यापीठे तीनपैकी एक पर्याय निवडू देतात, काही ठिकाणी निवडीला वावच नसतो. प्रबंधाचा मार्ग पुढे पीएचडी करू इच्छिणाऱ्यांचा. त्यात मार्गदर्शक, समिती, मूळ संशोधन आणि शेवटी समितीपुढे सादरीकरण असते. परीक्षेचा मार्ग वरकरणी सर्वात झटपट, कारण काही तासांत किंवा घरी नेऊन काही दिवसांत उत्तरे लिहून मोकळे होता येते. कॅपस्टोन या दोहोंच्या मध्ये बसतो. एखाद्या प्रत्यक्ष यंत्रणेची प्रत्यक्ष अडचण घ्यायची आणि शिकलेले सगळे वापरून तिच्यावर अहवाल द्यायचा, असे त्याचे स्वरूप असते. ‘कॅपस्टोन’ हा शब्द बांधकामातला आहे. भिंतीच्या माथ्यावर बसवला जाणारा शेवटचा दगड, असा त्याचा मूळ अर्थ.

मुंबईत इंजिनीअरिंग केलेल्यांना शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि त्याचे ‘ब्लॅक बुक’ आठवेल. साम्य आहे, पण एक मोठा फरक आहे. इथे एखादा विषय राहिला तर केटी घेऊन पुढे जाता येते. तिथल्या एकत्रित परीक्षेत नापास झाल्यास बहुतेक विद्यापीठांत दुसरी संधी एकदाच मिळते. तीही हुकली, तर आधीचे सर्व विषय उत्तम गुणांनी उत्तीर्ण असूनही पदवी मिळत नाही.

परीक्षेत नेमके काय विचारतात?

सत्र परीक्षेत ‘व्याख्या लिहा’, ‘टिपा द्या’ चालून जाते. एकत्रित परीक्षेत मात्र एका प्रश्नात तीन विषय गुंतलेले असतात. एक नमुना पाहू. ‘कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात पोलिसांनी अटक करावी का? सिद्धांत, संशोधन आणि धोरण या तिन्ही अंगांनी चर्चा करा.’

याचे सोपे उत्तर बहुतेकांना येते. मिनियापोलिस शहरात १९८१-८२ मध्ये लॉरेन्स शेरमन आणि रिचर्ड बर्क यांनी एक प्रयोग केला होता. किरकोळ मारहाणीच्या तक्रारीवर गेलेल्या पोलिसाने काय करायचे, हे चिठ्ठी काढल्यासारखे आधीच ठरलेले असे. एक तर संशयिताला अटक, नाही तर दोघांची समजूत घालणे, नाही तर संशयिताला आठ तासांसाठी घराबाहेर पाठवणे. पुढच्या सहा महिन्यांतील पोलीस नोंदी तपासल्या, तेव्हा अटक झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के जणांनी पुन्हा हिंसा केल्याचे दिसले. समजूत घातलेल्यांत हे प्रमाण सुमारे १९ टक्के होते आणि घराबाहेर पाठवलेल्यांत २४ टक्के. निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेतील अनेक राज्यांनी व पोलीस दलांनी अटकेला प्राधान्य देणारी धोरणे आणली.

इथे थांबणारा विद्यार्थी काठावर राहतो किंवा नापास होतो. कारण कथा पुढे आहे. हाच प्रयोग नंतर ओमाहा, शार्लट, मिलवॉकी, कोलोरॅडो स्प्रिंग्ज आणि मायामी परिसरात झाला आणि निकाल एकसारखे आले नाहीत. काही ठिकाणी अटकेचा धाक दिसला, काही ठिकाणी दिसला नाही. मिलवॉकीत तर बेरोजगार संशयितांना अटक केल्यानंतर हिंसाचार उलट वाढल्याचे आढळले. म्हणजे ज्याला नोकरी, प्रतिष्ठा, शेजाऱ्यांसमोरची लाज असे काही गमवायचे आहे, त्याच्यावर अटकेचा परिणाम वेगळा आणि ज्याच्याकडे गमवायला काही नाही, त्याच्यावर वेगळा. धाकाचा सिद्धांत, प्रयोगाची रचना आणि एका शहराच्या निकालावर देशभराचे धोरण आखण्यातला धोका हे तिन्ही धागे एका उत्तरात विणता आले, तर परीक्षक समाधानी. नुसती नावे आणि सनावळ्या पाठ करून हे जमत नाही. परीक्षेत पडणाऱ्यांचा अभ्यास सहसा कमी नसतो, पण तो विषयवार कप्प्यांत अडकलेला असतो.

उत्तरपत्रिका बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन प्राध्यापक तपासतात, अनेकदा विद्यार्थ्याचे नाव झाकून. निकाल गुणांत नसतो. उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, एवढेच.

मग कॅपस्टोन सोपा का नाही?

परीक्षेची धास्ती वाटणारे अनेक जण कॅपस्टोनकडे वळतात आणि तिथे वेगळ्याच कारणांनी अडकतात. पहिले कारण विषयाचा आवाका. ‘अमेरिकेतील पोलीस आणि वंशभेद’ हा विषय पंधरा आठवड्यांच्या सत्रात मावत नाही. ‘अमुक पोलीस ठाण्याच्या हद्दीत पार्किंगमधून होणाऱ्या चोऱ्या’ हा मावतो.

हे उदाहरण मनाने घेतलेले नाही. व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज शहरात १९८० च्या दशकात नेमके हेच झाले होते. तेथील जहाजबांधणी गोदीजवळ कामगारांच्या उभ्या केलेल्या गाड्यांतून चोऱ्या होत. पोलिसांनी केवळ गस्त वाढवली नाही. चोऱ्या कोणत्या जागी, कोणत्या वेळी होतात, कोण करते, कोणत्या गाड्या निवडल्या जातात, याचा आधी अभ्यास केला आणि त्यानुसार उपाय आखले. या चोऱ्या निम्म्याहून अधिक घटल्या. आधी समस्या हेरायची, मग तिचे विश्लेषण करायचे, मग उपाय आणि शेवटी परिणामांची तपासणी, ही चौकट तिथून जगभर गेली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘सारा’ म्हणतात. अनेक कॅपस्टोन अहवाल आजही याच सांगाड्यावर उभे राहतात. त्यात सर्वात दुबळा भाग बहुधा शेवटचा असतो. उपाय सुचवले जातात, पण ते चालले की नाही हे कसे मोजणार, याचे उत्तर नसते.

दुसरी अडचण आकडेवारीची. गुन्ह्यांच्या नोंदी एफबीआयच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, त्यामुळे विद्यार्थी बिनधास्त असतात. मात्र १ जानेवारी २०२१ पासून एफबीआयने गुन्हे मोजण्याची जुनी पद्धत सोडून प्रत्येक घटनेची तपशीलवार नोंद घेणारी नवी पद्धत लागू केली. अनेक पोलीस दले या बदलासाठी तयारच नव्हती. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या दोन महानगरांच्या पोलीस दलांची आकडेवारी त्या वर्षीच्या राष्ट्रीय संचात नव्हती. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी २०२० आणि २०२१ चे आकडे शेजारी मांडतो, आलेख खाली जाताना पाहतो आणि ‘गुन्हे घटले’ असे लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात घटलेली असते ती नोंद पाठवणाऱ्या पोलीस दलांची संख्या. सादरीकरणात पहिला प्रश्न इथेच येतो.

तिसरी अडचण परवानगीची. माणसांवर संशोधन करायचे, तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. या समितीला तिथे ‘आयआरबी’ म्हणतात. अलाबामातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीय रुग्णांना उपचारांविना ठेवून केलेल्या सिफिलिसच्या अभ्यासाचा गौप्यस्फोट १९७२ मध्ये झाला. त्यानंतर तयार झालेल्या १९७९ च्या बेलमाँट अहवालावर आजची नियमावली उभी आहे. त्यात कैद्यांसाठी स्वतंत्र संरक्षण आहे. कैद्यांवरील संशोधनाची छाननी करणाऱ्या समितीत कैदी किंवा त्यांचा प्रतिनिधी असणे बंधनकारक आहे. तुरुंगात असलेला माणूस ‘नाही’ म्हणायला खरेच मोकळा असतो का, हा त्यामागचा प्रश्न.

शेवटच्या सत्रात उत्साहाने ‘पंधरा कैद्यांच्या मुलाखती घेतो’ असे ठरवणाऱ्याचे वेळापत्रक म्हणूनच कोसळते. विद्यापीठाची मंजुरी, तुरुंग प्रशासनाची मंजुरी, प्रश्नावलीत दुरुस्ती, पुन्हा मंजुरी. नोकरीत असलेल्या पोलिसांची आणखी एक पंचाईत होते. स्वत:च्याच ठाण्यातील सहकाऱ्यांचे सर्वेक्षण करणे सोपे वाटते, पण सर्वेक्षण करणारा सार्जंट असेल तर हाताखालचा शिपाई मोकळेपणाने उत्तर देईल का, असे समिती विचारते. अनुभवी मार्गदर्शक त्यामुळे आधीच खुल्या असलेल्या, नावे काढून टाकलेल्या आकडेवारीवर काम करायला सांगतात. ते थोडे नीरस असते, पण वेळेत संपते.

या पदवीकडे संशयाने का पाहिले गेले?

याचे उत्तर पैशात आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नेमलेल्या गुन्हेविषयक आयोगाने १९६७ च्या अहवालात पोलिसांच्या उच्च शिक्षणाचा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने पोलिसांच्या शिक्षणासाठी केंद्राचा निधी खुला केला. कर्ज घेऊन शिका, सेवेत राहिलात तर ते माफ, अशी ती योजना होती. निधी आला तसे अभ्यासक्रमही भराभर उगवले. त्यातील कित्येक ठिकाणी पोलीस अकादमीतले प्रशिक्षणच नव्या वेष्टनात शिकवले जात होते. पोलीस शिक्षणाच्या दर्जावर १९७८ मध्ये एका राष्ट्रीय आयोगाचा अत्यंत टीकात्मक अहवाल आला. तो लिहिणारे लॉरेन्स शेरमन म्हणजे मिनियापोलिसचा प्रयोग करणारे तेच.

मॅसॅच्युसेट्समध्ये हा पेच अधिक उघडपणे दिसला. तिथे १९७० मध्ये ‘क्विन बिल’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. तो स्वीकारणाऱ्या शहरांत सहयोगी पदवी असलेल्या पोलिसाला मूळ वेतनाच्या १० टक्के, पदवीधराला २० टक्के आणि मास्टर्स असलेल्याला २५ टक्के वाढ मिळू लागली. निम्मा खर्च राज्याचा. वेतनातली एक चतुर्थांश वाढ कागदाच्या एका तुकड्यावर अवलंबून असेल, तर तो कागद सहज देणारी दुकानेही उघडणारच. पुढे राज्याला अभ्यासक्रमांच्या दर्जाचे निकष कडक करावे लागले आणि २००९ च्या सुमारास आर्थिक संकटात राज्याने आपल्या वाट्याचा निधीही आखडता घेतला.

या पार्श्वभूमीवर शेवटची परीक्षा किंवा कॅपस्टोन ही विद्यापीठाच्या दृष्टीने बचावाची भिंत ठरते. अनेक विषय ऑनलाइन, काही विषयांत चर्चेच्या पोस्ट टाकून गुण, आणि आता उत्तर लिहून देणारी एआय साधने हाताशी. अशा वेळी हा विद्यार्थी स्वत: विचार करू शकतो का, हे तपासण्याची जागा आकुंचन पावत शेवटच्या पायरीपर्यंत आली आहे. त्यामुळे काही ठिकाणी घरी नेऊन सोडवायच्या परीक्षेला तोंडी प्रश्नांची जोड दिली जाते. हे योग्यच आहे, पण विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात याची कल्पना दिली जात नसेल, तर ते अन्यायकारकही आहे.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी धोका कुठे?

एफ-१ व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याच्या ‘आय-२०’ या कागदावर अभ्यासक्रम संपण्याची तारीख छापलेली असते. सगळे हिशेब त्या तारखेभोवती फिरतात. समजा ती तारीख मेमधली आहे, एप्रिलमध्ये एकत्रित परीक्षेत अपयश आले आणि पुढची परीक्षा थेट ऑक्टोबरमध्ये आहे. अशा वेळी तारीख उलटण्यापूर्वी मुदतवाढ मागावी लागते. ठोस शैक्षणिक किंवा वैद्यकीय कारण असेल तर विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय विभाग ती देऊ शकतो. मात्र गुण घसरल्याने प्रोबेशनवर गेल्यामुळे उशीर झाला, हे कारण नियमानुसार ग्राह्य नाही. तारीख उलटल्यावर मागितलेल्या मुदतवाढीचा उपयोग नसतो.

शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी, म्हणजे ‘ओपीटी’, हीदेखील याच तारखेला बांधलेली आहे. अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो. इथे एक फारसा चर्चेत नसलेला बारकावा आहे. बाकी सर्व विषय पूर्ण झाले असतील आणि केवळ प्रबंध किंवा त्याच्या तोडीचे काम उरले असेल, तर ओपीटी सुरू करण्याची मुभा नियमांत आहे. पण एखाद्या विद्यापीठाचा कॅपस्टोन ‘प्रबंधाच्या तोडीचा’ की ‘साधा विषय’, हे तिथला आंतरराष्ट्रीय विभाग ठरवतो. ईमेलवर लेखी उत्तर घेऊन ठेवलेले बरे.

आणखी एक सापळा. शेवटच्या सत्रात एकच विषय उरला असेल, तर कमी क्रेडिट घेण्याची सवलत मिळते, पण तो विषय पूर्णपणे ऑनलाइन असून चालत नाही. आणि नोकरदारांच्या सोयीसाठी कॅपस्टोन फक्त ऑनलाइन देणारी विद्यापीठे आहेत.

नोकरीचे काय? ओपीटी १२ महिन्यांची असते. विज्ञान-तंत्रज्ञान यादीतील विषयांना त्यापुढे २४ महिने वाढवून मिळतात. न्यायवैद्यक शास्त्र आणि सायबर फॉरेन्सिक्स त्या यादीत आहेत, सर्वसाधारण क्रिमिनल जस्टिस आणि गुन्हेगारी शास्त्र नाहीत. नावे सारखी वाटली तरी पदवीचा सांकेतिक क्रमांक कोणता, यावर दोन वर्षांचा फरक पडतो. एफबीआयसारख्या केंद्रीय यंत्रणांची दारे नागरिकत्वाशिवाय बंदच असतात. परदेशी विद्यार्थ्याला उरतात ती बँकांतील फसवणूक तपासणी, अनुपालन विभाग, आकडेवारीचे विश्लेषण, पीडितांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि संशोधन केंद्रे. तिथे मुलाखतीत ‘एकत्रित परीक्षा उत्तीर्ण’ या ओळीपेक्षा तीस पानांचा चोख कॅपस्टोन अहवाल दाखवता येतो. परीक्षेचा मार्ग झटपट असला, तरी परदेशी विद्यार्थ्यासाठी तो दर वेळी फायद्याचा नसतो, तो यामुळे.

परत आल्यावर उपयोग काय?

भारतात हा विषय नवा नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेगारी शास्त्र आणि न्याय हा समाजकार्याचा भाग म्हणून शिकवला जातो. संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून पोलीस ठाणी व तुरुंगांमध्ये काम करतो. न्यायवैद्यक शास्त्राच्या शासकीय संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. सरकारी नोकरी किंवा पीएचडीसाठी परदेशी पदवीची समकक्षता लागते. तिचे नवे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये अधिसूचित केले आहेत. शेवटची अट अपूर्ण ठेवून परतलेल्याकडे पदवीच नसते, त्यामुळे त्याचा प्रश्न तिथेच संपतो.

कामाला मात्र वाव वाढतो आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) नुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे अपेक्षित आहे. ही तरतूद प्रत्यक्ष कधीपासून लागू करायची, हे ठरवायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. तज्ज्ञ किती लागतील, ते घटनास्थळी किती वेळात पोहोचतील, पुराव्याचा अहवाल किती दिवसांत येईल आणि त्याने दोषसिद्धी खरोखर वाढते का, हे मोजणारी माणसे लागणार आहेत.

मोजताना इथलेही सापळे आहेतच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका एफआयआरमध्ये अनेक कलमे असली, तर त्यातला सर्वात गंभीर गुन्हा तेवढा मोजतो. खुनासोबत त्याहून कमी गंभीर गुन्हाही नोंदला असेल, तर तक्त्यात खून दिसतो, दुसरा गुन्हा नाही. नागपूर किंवा नाशिकच्या दरोड्यांवर कॅपस्टोन लिहायला घेणाऱ्याने पहिल्या पानावर ही तळटीप टाकलेली नसेल, तर पुढची एकोणतीस पाने परीक्षक वाचेल की नाही, सांगता येत नाही.